सुई झाली, गोळ्या राहिल्या

आमच्याकडे डॉक्टरने सुई टोचली तरच त्याने औषध दिलं असं धरतात. नुसत्या गोळ्या दिल्या तर माणूस दवाखान्याची पायरी उतरता उतरता म्हणतो, "काहीच केलं नाई बावा त्यानं." मग तो सुई देणारा डॉक्टर शोधतो, आणि असा डॉक्टर आमच्या भागात लवकर सापडतो. माझ्या नवऱ्याने हा धर्म अठ्ठ्याहत्तर वर्षं पाळला. त्याच धर्मापायी तो मरायला निघाला होता, त्याची ही गोष्ट.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती आणि घरात झेंडू तोडायला हात कमी होते. त्यामुळे पेशी आणि जीन यांच्याबद्दल पुढे जे लिहीन ते माझ्या नातीने सांगितलेलं आहे. ती माझ्या मुलीची मुलगी. अमरावतीला वसतिगृहात राहून जीवशास्त्राचं मोठं शिक्षण घेते. तिला मी एकेक गोष्ट तीनदा विचारली. तिसऱ्यांदा ती चिडली की मी समजायचे, आता नीट सांगितलं.

पातूरजवळ आमचा मळा आहे. वांगी, मेथी, झेंडू. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते. म्हातारपणी ती फुगते. कुणाची नुसतीच फुगते, कुणाची बिघडते. आमच्या बुढ्याची बिघडली. त्याने ते वर्षभर लपवलं. दिवसातून दहा वेळा वांग्यात जाऊन उभा राहायचा आणि मला वाटायचं, या वर्षी पिकावर फार लक्ष आहे. उघड झालं तेव्हा किरणांचा शेक घेतला. दोन वर्षं बरी गेली, मग गाठ परत आली. खुब्याच्या हाडातही एक ठिपका दिसला. तो काय आहे हे कुणी छातीठोक सांगेना. या वयात कापाकापी नको, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नवा प्रयोग चालू होता, तिथं नाव घालून पाहा, गाठीतच इंजेक्शन देतात.

इंजेक्शन म्हटल्याबरोबर बुढा खुर्चीत ताठ बसला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते औषध हेच, असं त्याच्या तोंडावर होतं.

सही करायचे कागद बरेच होते. ते वाचून दाखवायला नात मळ्यावर आली. आम्ही अंगणात बसलो. आमचं कुत्रं नेहमीप्रमाणे आडवं पडलं होतं. त्या कुत्र्याच्या देखत एकदा दोन पोती वांगी चोरीला गेली होती, यावरून त्याचा स्वभाव कळावा.

नात म्हणाली, "आबा, सर्दीचा एक विषाणू असतो. त्याला लंगडा करतात, म्हणजे तो अंगभर पसरत नाही. त्याच्या पाठीवर एक जीन लादतात आणि गाठीत सोडतात. जीन म्हणजे एक सूचना समजा. ज्या पेशीत ती सूचना शिरेल, ती पेशी एक पदार्थ बनवायला लागते."

"कायचा पदार्थ?"

"असा पदार्थ, की तुम्ही एक साधी गोळी खाल्ली तर त्या पेशीत तिचं विष होतं. बाकीच्या अंगाला गोळी बाधत नाही. सूचना घेतलेली पेशी आपल्या हाताने विष तयार करते आणि मरते. थोडं शेजारच्या पेशींनाही लागतं."

"म्हंजे शेजारपाजारही साफ," बुढा खूश झाला.

"याला सुसाइड जीन म्हणतात," नात जरा हळू म्हणाली. नाव ठेवणारा वऱ्हाडातला नसावा.

मला विषाणूचं काही नवल वाटलं नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीला रोग लागला की ती शेंड्यावर उलटी लटकून मरते. एकदा शेतकी खात्याचा माणूस सांगून गेला, अशा मेलेल्या अळ्या गोळा करा, पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा आणि उन्हं उतरल्यावर फवारा. बाकीच्या अळ्यांनाही तो रोग लागतो. मी ते केलं. आठ दिवस माझ्या हातचं कुणी जेवलं नाही, पण हरभरा वाचला. रोगावर रोग सोडायचा, हे मी मेलेल्या अळ्या वाटून शिकले होते.

"पण खरी गंमत पुढं आहे," नात म्हणाली. "सुई गाठीत चार ठिकाणी जाईल. सगळ्या पेशींपर्यंत विषाणू पोचत नाही. मग उरलेल्या पेशींचं काय?"

"त्याईले दुसरी सुई," बुढा.

"नाही. आबा, हे कुत्रं तुमच्यावर भुंकतं का?"

"मले कायले भुंकन? मी घरचा मानूस हाय."

"तसंच आहे. गाठीच्या पेशी तुमच्याच अंगातल्या. अंगातल्या पहारेकऱ्यांना त्या घरच्याच वाटतात. वर त्या पहारेकऱ्यांना थोपटून झोपवतात. पण या विषाने पेशी मरते तेव्हा गुपचूप मरत नाही. फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं, त्यात धोक्याच्या खुणा असतात. त्यावर कुत्रं उठतं, हुंगतं. तो वास एकदा डोक्यात बसला की तसा वास येईल तिथं धावून जातं. सुई न लागलेल्या पेशीवरही. नशीब असेल तर खुब्याच्या ठिपक्यावरही."

बुढ्याने कुत्र्याकडे पाहिलं. "आन् कुत्रं घरच्यालेच चावलं तं?"

"तीच भीती असते. म्हणून तर सारखं रक्त तपासणार."

"हे तं उठतच नाई," बुढा म्हणाला आणि त्याने कागद पुढे ओढला.

नात सांगत होती की सुई म्हणजे नुसती पेरणी आहे. दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस, रोज तीनदा, दोन-दोन गोळ्या. त्याच खरं काम करणार. एकही चुकवायची नाही. मी ऐकत होते. बुढा सही करत होता.

सुई झाली. दोन दिवस ताप आला, त्याचाही बुढ्याला अभिमान वाटला. औषध लागू पडल्याशिवाय ताप येतो का? येताना चार डबे गोळ्या दिल्या, एकेका डब्यात एकवीस, आणि प्रत्येक वेळेची खूण करायला एक तक्ता. पिशवी मी खिळ्याला टांगली. तिन्ही वेळा गोळ्या मी हातावर ठेवायची, तो गिळायचा आणि म्हणायचा, "काही होत नाई याईनं." व्हायचं नव्हतंच. त्या गोळीत तिचं स्वतःचं विष नाही, हे मी त्याला रोज सांगायची. रोज सांगून उपयोग नसतो हे पंचावन्न वर्षांच्या संसारात कळलेलं असूनही सांगायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या डब्यात तीन गोळ्या उरल्या. चौथा काढायला पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी.

"चौथा डब्बा कुठी हाय?"

"कोनता?"

"गोळ्यायचा. दुसरा कोनता असते?"

"इवायाले देला."

इवाई म्हणजे व्याही, तशी ईन म्हणजे विहीण. आमच्या मुलीचे सासरे, अमरावतीला असतात. आमच्या नातीचे ते दुसरे आजोबा; त्यांचं घर कॉलेजपासून लांब, म्हणून ती वसतिगृहात राहते. मुलगी आणि जावई नोकरीसाठी लांब गेलेत, पण व्याह्यांचं आणि बुढ्याचं जाणं-येणं आहे. दोनच दिवसांपूर्वी बुढा त्यांना पाहायला जाऊन आला होता, कारण त्यांना नागीण झाली होती. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून मी मेथी आणि वांगी बांधून दिली होती. ती कमी वाटली असावीत.

"तुमाले बरं हाय न?" मी विचारलं.

"कमरेपासून पोटापर्यंत नागीन हाय त्याले. बसता येत नाई. गेरू लावून पडला हाय बिचारा. मी पातूरच्या मेडिकलवाल्याले हे गोळी दाखवली होती, तो म्हने, काका, हे तं नागिनीचीच गोळी. मंग आपल्या घरी चार डब्बे, आन् इवाई तडफडून राहिला. मानसानं पाहत बसावं का?"

"तुमाले कमी पडतीन न!"

"मले काय? माही सुई झाली न."

मी नातीला फोन लावला. तिने आधी कितवा दिवस ते विचारलं. मग म्हणाली, "आजी, किती आहेत हातात?"

"तीन."

"ती सूचना गाठीत कायमची राहत नाही गं. काही दिवसांत पुसत जाते. आहे तोवर गोळी पोचली तर पेशी मरणार. नाही पोचली तर सुई फुकट. आणि पेशीच मेल्या नाहीत तर कुत्रं काय हुंगणार?"

तिने त्या दवाखान्यात विचारलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बाजारातून घेऊन खाऊ नका. प्रयोगाच्या गोळ्या प्रयोगाच्याच लागतात, नाहीतर नाव कमी करावं लागेल. दुसरा डबा पाठवायला आठवडा तरी लागेल. डबा नीट ठेवलेला असेल तर तोच परत आणा. मग नातीने व्याह्यांना फोन केला. ते म्हणाले, "इवायानं देल्लं हाय. इवाई मांगन तं पाहू. तू पोट्टी हायेस, मोठ्यायच्या मधात पडू नको."

बुढा म्हणाला, "देल्लेली वस्तू वापस मांगाले मी नाई जात. मेलो तरी."

"तेच होऊन राहिलं," मी म्हटलं, आणि उरलेल्या तीन गोळ्या त्याच्याजवळ ठेवून सकाळच्या बसने निघाले.

आता हे नुसतं जाणं नव्हतं. लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं माझ्या आईने मला सांगितलं होतं, आणि मुलीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी ते मोडलं नव्हतं. त्या घरी गेले की उभ्याउभ्या देणं द्यायचं, लेकीचं तोंड पाहायचं, बसस्टँडवर येऊन रसवंतीत रस प्यायचा. व्याह्यांशी समोरासमोर चार वाक्यं बोलले असेन. आणि आता मी त्यांच्याच उशाखालचं औषध काढून आणायला निघाले होते. मूर्तिजापूरपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. त्यानंतर सोडून दिलं. मला बुढा मरायला नको होता. कारण विचाराल तर चटकन सांगता येणार नाही. चांगलं वागला म्हणून नव्हे. सवय म्हणा.

अमरावतीच्या स्टँडवर नात उभी होती. हुशार पोरगी. कातडीच्या डॉक्टरांना व्याह्यांच्या नागिणीचा फोटो दाखवून, चिठ्ठी लिहून घेऊन, तिने मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या होत्या. व्याह्यांना या द्यायच्या, आपला डबा घ्यायचा. इतकं सोपं होतं की मला शंका आली.

व्याही दिवाणावर एका कुशीवर पडले होते. कंबर गेरूने लाल. मला पाहून उठायला गेले आणि कण्हले.

"या ईनबाई! इवाई नाई आले?"

"नाई."

"पानी आन वो," त्यांनी आत धाकट्या सुनेला हाक दिली, मग स्वतःच म्हणाले, "राहू दे. आमच्या घरचं पानी कुठी चालते ईनबाईले."

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "इवाईबुवा, गोळ्याचा डब्बा वापस पाहिजे."

व्याह्यांचा हात उशीवर गेला.

"लेकीच्या सासरून वस्तू वापस नेनारी पयली ईन तुमी."

"हाव. पयलीच."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकायले नागीन नाई झाली आन् गाठही नाई झाली. त्याईले म्हनू द्या."

नातीने पिशवी पुढे केली. "आजोबा, या घ्या. औषध एकच आहे. नाव तेच, वजन तेच."

"एकच हाय?"

"अगदी एकच."

"मंग हे त्याईलेच दे न."

 नात प्रयोगाचे नियम सांगत बसली आणि व्याह्यांचा चेहरा पडत गेला. "म्हंजे त्याच्या जिवाले मोठ्या दवाखान्याची आन् माह्या जिवाले बाजारची. समजलं. मले त्याच डब्ब्याचा गुन आला. पाहा, फोड सुकून राहिले. बाजारच्यानं वापस उठले तं?"

एका बुढ्याचा विश्वास सुईवर, दुसऱ्याचा डब्यावर. गोळीवर कुणाचाच नाही. मला हसू येत होतं, पण तिथं हसले असते तर डबा गेला असता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. परतीची बस दीड तासात होती. औषधाचं बोलून हा माणूस ऐकणार नव्हता. त्याला टोचत होतं ते वेगळंच होतं, आणि ते मी सव्वीस वर्षं टोचलं होतं.

मी खाली सतरंजीवर बसले. म्हटलं, "सुनबाईले सांगा, मले भूक लागली. आज मी इथंच जेवतो."

व्याही माझ्याकडे पाहतच राहिले. "खरंच?"

"वरन-भात असन तरी चालते. बस हाय माही."

"वरन-भात काहून? ईन पयल्यांदा जेवून राहिली आमच्या घरी. पुरन—"

"पुरनाले येळ नाई, इवाईबुवा. बुढा तिकडे गोळीवाचून बसला हाय."

मग वरण-भात आला, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. भाजीतली वांगी आमच्याच मळ्यातली होती, पण ते मी बोलले नाही. पाणीही प्यायले. आकाश कोसळलं नाही. आईने उगाच घाबरवलं होतं असं म्हणवत नाही, पण वरण चांगलं होतं. व्याही दिवाणावरून घासाघासाला पाहत होते. मी हात धुतल्यावर त्यांनी कण्हत उशाखालून डबा काढला आणि माझ्या नाही, नातीच्या हातात दिला. नऊ गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या होत्या. बारा उरल्या होत्या.

"पन मले एक सांग," ते नातीला म्हणाले. "याचं विष होते म्हंते तू. मले तं आराम पडला."

नात म्हणाली, "आजोबा, नागिणीचाही विषाणूच असतो. ती सूचना त्याच्याकडे जन्मापासून असते. म्हणून तुमच्या अंगात ही गोळी त्याच्यावरच उलटते. आबांच्या गाठीत तशीच सूचना मुद्दाम नेऊन सोडली. नागिणीच्या चुलतभावाकडून उसनी आणून."

म्हणजे बुढ्याने औषध अगदी योग्य माणसाला दिलं होतं. फक्त ते देऊन टाकायला त्याचं एकट्याचं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा मी घरी पोचले आणि चूळ भरायच्या आधी त्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. त्याने विचारलं, "इवाई नाराज झाला का?" मी म्हटलं, "जेवू घातलं मले." त्याने गोळ्या गिळल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाठ मला झाली होती.

त्या बारा गोळ्या तेराव्या दिवशी दुपारी संपल्या. शेवटचा दीड दिवस कोरा गेला. बुढा म्हणाला, तक्त्यात खुणा करून टाक, कोन पाहते. मी तक्ता हातातून काढून घेतला. खोटी खूण केली असती तर कुत्रं फसलं नसतं, आम्हीच फसलो असतो. तक्त्याच्या कडेला शेऱ्याची जागा होती. तिथं मी माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, "नऊ गोळ्या व्याह्याने खाल्ल्या."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "आजी, असा शेरा मी पहिल्यांदा पाहिला." नाव कमी केलं नाही. वर कळवावं लागेल, म्हणाले. वर कळवलं असेल. तिथं कुणाला व्याही म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं असेल.

तीन महिन्यांनी परत बोलावलं. गाठ लहान झाली होती. तिचा एक कण सुईने काढून पाहिला होता, तिच्या कडेने पहारेकरी पेशी जमल्या होत्या. रक्तातही जाग्या झालेल्या दिसल्या. खुब्याचा ठिपका वाढला नव्हता. कमीही झाला नव्हता.

मी विचारलं, "म्हंजे कुत्रं उठलं का?"

डॉक्टरांनी नातीकडे पाहिलं. तिने त्यांना आमच्या अंगणातली गोष्ट सांगितली. ते हसले, मग हसू थांबवून म्हणाले, "उठलंय, आजी. किती लांब धावतं ते आत्ता सांगता येणार नाही. कधीकधी उठून परत झोपतं."

"पुऱ्या गोळ्या गेल्या असत्या तं जास्त धावलं असतं का?"

"तेही सांगता येणार नाही."

हे उत्तर मी घेऊन आले. ते मला रोज टोचतं, पण बुढ्याला टोचत नाही, कारण त्याने ते ऐकलंच नाही. तो गावभर सांगतो, एका सुईत काम झालं. व्याही अमरावतीत सांगतात, माझ्या तोंडातला घास काढून दिला म्हणून इवाई वाचला. दोघंही खोटं बोलतात असं म्हणता येत नाही. नागीण बरी झाली आहे, कातडी अजून चुणचुणते म्हणतात.

पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे. जाताना अमरावतीला उतरून जेवायचंच, असा व्याह्यांचा निरोप आला आहे, या वेळी पुरणच. बुढ्याने विचारलं, "काही न्याचं का इवायासाठी?"

"मेथी नेजा," मी म्हटलं, आणि खिळ्यावरची पिशवी काढून माझ्या पेटीत ठेवली, वर कुलूप. त्यात आता नुसत्या बीपीच्या गोळ्या आहेत. बीपी व्याह्यांनाही आहे.